सहा मिलिमीटर

मर्लिन लोपीस १९८६ साली वालीवच्या कारखान्यात ट्रेसर म्हणून लागली, तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात ती एकटीच बाई होती. कारखाना इस्पितळांसाठी ऑटोक्लेव्ह बनवायचा, म्हणजे शस्त्रक्रियेची हत्यारं आणि कपडे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायची भलीमोठी पोलादी पिंपं. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेलं चित्र दुधी कागदावर शाईने गिरवायचं, हे ट्रेसरचं काम. त्या कागदाच्या निळ्या प्रती निघत, आणि त्या समोर ठेवून खाली शॉपमध्ये कारागीर माल घडवत. मर्लिनचा हात असा स्थिर होता की ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख श्रीरंग वझे नव्या माणसाला तिचे कागद दाखवून म्हणायचे, "असं काढायचं. नाही जमलं तर जमेपर्यंत काढायचं."

नंदाखालला घरी केळीची बाग होती, ती नवरा बॅप्टिस्ट आणि सासरे सांभाळत. मर्लिन सकाळी एसटीने विरारला यायची आणि तिथून कंपनीच्या गाडीने वालीवला. कौतुक झालेलं तिला आवडायचं, पण ती ते घरी सांगत नसे.

१९९४ च्या जूनमध्ये शॉपमध्ये अपघात झाला. चांदीपचा काशीराम तरे नावाचा फिटर तयार पिंपाची चाचणी घेत होता. पिंपाच्या दरवाज्याला कडेने आठ पोलादी पिना असत. मधलं चाक फिरवलं की त्या चौकटीच्या खाचांत सरकून दरवाजा धरून ठेवत. आत वाफ कोंडलेली असताना त्या पिना निसटल्या. काशीरामचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, मानेवर वाफ बसली. तो चार महिने इस्पितळात होता. परत आला तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटेनात, म्हणून नोकरी सोडून शेतावर बसला.

वझेसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी दोष शोधून काढला. पिना खाचेत पुरेशा आत जात नव्हत्या. जरा झिजल्या की सुटण्याची भीती. त्यांनी शॉपमधल्या प्रतीवर लाल पेन्सिलीने साठचे सहासष्ट मिलिमीटर केले आणि मूळ ट्रेसिंग दुरुस्तीसाठी मर्लिनच्या ट्रेमध्ये टाकलं. त्याच आठवड्यात मर्लिन बाळंत झाली. मुलगी झाली, सुझान. तीन महिन्यांनी मर्लिन कामावर आली, तेव्हा अपघाताचं बोलणंही थांबलेलं होतं.

पुढे वझेसाहेब वारले. कागद गेले, कॉम्प्युटर आले. १९९९ मध्ये मर्लिनने स्वतः सगळी जुनी ट्रेसिंग एकेक करून कॉम्प्युटरवर काढली. ट्रेसरची ती आता तपासनीस झाली होती. कुठलंही ड्रॉइंग तिच्या सहीशिवाय शॉपमध्ये उतरत नसे.

२००४ मध्ये कंपनीने नवं सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक सुट्या भागाचं ड्रॉइंग, त्याच्या दुरुस्त्या, तो कुठल्या मशीनला लागतो, हे सगळं त्यात एकत्र राहणार होतं. स्टोअरच्या यादीतले साडेचार हजार भाग त्यात आधीच चढवले होते, आणि ड्रॉइंगच्या फायली निराळ्या पडून होत्या. प्रत्येक फाइल ज्या त्या भागाला नेऊन जोडायची, म्हणजे लिंक करायची, हे काम मर्लिनकडे आलं. मदतीला सॉफ्टवेअर कंपनीचा इंजिनिअर जितेश होता. पोरगा हुशार, बोलण्यात घाई.

"मॅडम, एक लक्षात ठेवा," त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "आयटम सिस्टीममध्ये ऑलरेडी आहे. नवीन बनवायचा नाही, असलेल्यालाच फाइल लिंक करायची. नाहीतर एका पार्टचे दोन होतील आणि सगळा घोळ."

तिसऱ्या आठवड्यात ती दरवाज्याच्या पिनेपाशी आली. तिने फाइल जोडायला घेतली आणि पडद्यावर पिवळी पट्टी उमटली: वर्णन जुळत नाही. यादीतल्या आयटमवर लिहिलं होतं, दरवाजा पिन, पोलादी, ६६ मि.मी. फाइल म्हणत होती, ६०.

जितेशने वाकून पाहिलं. "काही नाही, फाइलवरून ओव्हरराइट करून टाका. ड्रॉइंगच खरं मानायचं ना? एक क्लिक."

मर्लिनचा हात माउसवर होता. सहासष्ट हा आकडा तिला कुठेतरी लागला. कुठे, ते आठवेना. "आज राहू दे," ती म्हणाली आणि खाली स्टोअरमध्ये गेली.

स्टोअरकीपर प्रल्हाद भोईर वर्षभरात निवृत्त होणार होते. त्यांना तिने विचारलं, "भोईर, यादीत पिनेची लांबी तुम्ही लिहिलीत?"

"अठ्ठ्याण्णव साली यादी केली तेव्हा. ड्रॉइंग बघून नाही हां, एकेक वस्तू हातात घेऊन मोजली होती. का?"

त्यांनी खणातून पिन काढून दिली. मर्लिनने मापाला व्हर्नियर, मिलिमीटरचा अंशही दाखवणारी मोजपट्टी, लावला. साठ. दुसरी काढली, तीही साठ. भोईरांचा चेहरा उतरला. "माझ्या वेळी सहासष्ट होती. देवाशपथ."

थोडी चौकशी केल्यावर सगळं उलगडलं. शॉपमधली लाल पेन्सिलीची जुनी प्रत सात वर्षं भिंतीवर होती, आणि कारागीर तीच बघून पिना घडवत. २००१ मध्ये ती फाटली, म्हणून वरून कॉम्प्युटरची स्वच्छ प्रत मागवली गेली. तिच्यावर तपासनीस म्हणून सही मर्लिनची होती.

ती वर आली आणि जुन्या कपाटातून १९९४ ची दुरुस्ती-वही काढली. ट्रेसिंगमध्ये बदल करून झाला की त्या ओळीपुढे ट्रेसरने सही करायची, अशी रीत होती. पिनेच्या ओळीपुढे सही होती. एम. एल. तारीख सप्टेंबरची. त्याच तारखेला, त्याच शाईत, एकाखाली एक अकरा सह्या.

तो दिवस तिला आठवला. बाळाला ताप होता, सासूबाईंनी शेजारच्यांच्या फोनवरून निरोप पाठवला होता. अकरा कामं ट्रेमध्ये साचलेली. तिने दहा केली होती आणि सह्या अकरा ठोकल्या होत्या. अकरावं ट्रेसिंग कुणीतरी परत खणात ठेवून दिलं असणार. पाच वर्षांनी तिनेच ते बाहेर काढलं, विश्वासाने कॉम्प्युटरवर उतरवलं, आणि साठ पुन्हा जिवंत केले.

वहीवर धूळ होती. ती वही उघडायला त्या ऑफिसात दुसरं कुणी कधी आलं नसतं. वझेसाहेब नव्हते. तिने वही बंद केली, पुन्हा उघडली, आणि बराच वेळ ती सही बघत बसली.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती कुमसाराला, फादरपुढे पापांची कबुली द्यायला, थांबली नाही. फादर काय विचारतील ते तिला ठाऊक होतं. ज्यांना धोका आहे त्यांना सांगितलंस का? ती तशीच चांदीपला जायला निघाली. बॅप्टिस्ट म्हणाला, "मी येऊ?" ती नको म्हणाली.

काशीराम अंगणात भाताची कणगी सारवत होता, डाव्या हाताने. त्याने तिला ओळखलं नाही. कंपनीचं नाव काढल्यावर ओळखलं. तिला पाटावर बसवून सुनेला म्हणाला, "पानी आन गो बायला."

"काशीरामकाका, तुमच्या अपघातानंतर पिन लांब केली होती ना?"

"केली ना. वझेसाहेब इस्पितलात आलते. सोताच्या हातानं कागद काढून दावला. म्हनाले, काशीराम, सहा मिलिमीटर वाढवलेत, आता कोनाला असा होनार नाय." त्याने उजवा हात पुढे केला. चामडी मेणासारखी चकाकत होती. "मी म्हनला, साहेब, आधी नाय सुचला? तं ते रडले. यवढा मोठा मानूस."

मर्लिनने सगळं सांगितलं. वही, अकरा सह्या, साठ. मधे कुठे थांबली नाही, आणि सबब म्हणून बाळाचा ताप सांगितला नाही.

सून पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

"म्हंजे ते सहा मिलिमीटर तू काढून टाकलेस," काशीराम म्हणाला.

"हो."

"किती पिंपा गेली तशी?"

"चौदा."

"मंग हितं कशाला आलीस, बाय? तिकडं जा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला सोसवेना. पाणी तसंच ठेवून ती उठली.

सोमवारी ती मॅनेजर विलास देवरे यांच्या केबिनमध्ये गेली. वही, पिन आणि साठची दोन्ही ड्रॉइंगं, जुनं ट्रेसिंग आणि कॉम्प्युटरचं, टेबलावर ठेवली. देवरे नाशिकहून आलेले, कामाचे पक्के, माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं.

"आजपासून सहासष्ट करा. फाइल दुरुस्त करा आणि लिंक करून टाका. विषय संपला."

"आणि बाहेर गेलेली चौदा, सर?"

"तीन वर्षांत एक तक्रार नाही. आपण आपणहून पत्रं पाठवायची? गिऱ्हाइकांना काय सांगायचं, आमचे दरवाजे उडतात?"

"नव्या पिना पाठवतो, बसवून घ्या, असं सांगायचं. तोवर मशीन वापरू नका, असंही."

"मॅडम, पत्रात कारण लिहावं लागेल. चूक कुणाची तेही आत नोंदवावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"मी लिहून आणलंय," मर्लिन म्हणाली आणि कागद पुढे केला. एक पान होतं, तिच्या त्या नावाजलेल्या अक्षरात.

देवऱ्यांनी ते दोनदा वाचलं. "हे नसतं आणलंत तर चाललं असतं," ते हळूच म्हणाले. मग फोन उचलून त्यांनी मालकांची वेळ मागितली.

चौदा इस्पितळांना पत्रं गेली. फिटर पिना घेऊन निघाले. तेरा ठिकाणी जुन्या पिना अजून धड होत्या. चौदावं इस्पितळ डोंगरात होतं, तिथून फिटर परतला तो थेट वर आला आणि काढून आणलेल्या आठ पिना त्याने देवऱ्यांच्या टेबलावर ओतल्या. त्यांतल्या तीन पिनांची टोकं झिजून गोल झाली होती.

"नखाएवढ्या धारेवर लटकला होता, सर, दरवाजा," तो म्हणाला. "तिथं विनी म्हणून एक आया आहे, तीच मशीन चालवते. दरवाज्यातून वाफ शिट्टी मारायला लागली म्हणून रोज लाकडाचं दांडकं टेकवून उभी राहायची. आपलं पत्र पोचलं त्या दिवशी डॉक्टरांनी मशीन बंद करायला लावलं. मला विचारत होती, चालू कधी होणार, हत्यारं उकळून उकळून जीव जातोय."

मर्लिन तिथेच उभी होती. ती बाहेर गेली, बाथरूमचं दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. दांडकं धरून उभी असलेली ती न पाहिलेली बाई पुढे कित्येक महिने तिच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

कंपनीने तिला काढलं नाही. मेमो दिला आणि तपासनीस म्हणून सही करण्याचा अधिकार काढून घेतला. तिच्याच हाताखाली शिकलेला एक मुलगा आता तिच्या ड्रॉइंगवर सही करू लागला. जेवणाच्या सुट्टीत ती आली की दोन टेबलं गप्प होत. घरी बॅप्टिस्टने एकदाच विचारलं, "पस्तावतेस?" ती म्हणाली, "सह्या केल्या त्याचा पस्तावा आहे. सांगितलं त्याचा नाही." त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

लिंक करायचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं. दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं. आता ती प्रत्येक फाइल जोडण्याआधी खाली जायची, भोईरांकडून वस्तू मागायची, मोजायची आणि मगच वर येऊन जोडायची. दोन महिन्यांचं काम नऊ महिन्यांवर गेलं. जितेश सुरुवातीला वैतागला. "मॅडम, असं केलं तर आपण रिटायर होऊ." पण एके दिवशी तिने पाहिलं, तर तो स्वतःच स्टोअरच्या पायरीवर बसून व्हर्नियर कसा वाचायचा ते भोईरांना विचारत होता. त्या नऊ महिन्यांत आणखी एकतीस ठिकाणी कागद आणि वस्तू यांचा मेळ नसल्याचं निघालं. जीवावर बेतेल असं त्यात काही नव्हतं.

काम संपल्यावर ती चांदीपला जाऊन आली. काशीराम दारातच भेटला. चौदाव्या इस्पितळाचं तिने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "त्या आयेचा हात शाबूत हाय ना? मंग झाला." यावेळी तिने पाणी घेतलं.

२००७ मध्ये देवरे नोकरी सोडून गेले आणि स्वप्ना सावे नावाची तरुण मॅनेजर आली. तिने जुने कागद वाचले आणि मर्लिनला बोलावलं.

"मर्लिनताई, तपासनीसाचा अधिकार तुम्हाला परत देतेय. मालकांशी बोलले मी."

"नको, मॅडम."

"का? अजून वाईट वाटतं?"

"वाटतं, पण म्हणून नाही. ज्याने काढलं त्यानेच तपासलं, त्यानेच सही केली, असं पुन्हा व्हायला नको. सिस्टीममध्ये तसं कुलूप घालता येतं, मी जितेशला विचारलंय. काढणारा एक, वस्तू मोजणारा दुसरा. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय फाइल जोडलीच जाणार नाही."

स्वप्नाने ते लिहून घेतलं. पुढल्या महिन्यात कुलूप बसलं. पहिल्याच आठवड्यात मर्लिनचं एक ड्रॉइंग त्यात अडकलं, एका भोकाचा व्यास तिने चुकीचा लिहिला होता. मोजणाऱ्या मुलीने वर येऊन संकोचत सांगितलं. मर्लिनने चष्मा पुसला, आकडा पाहिला, आणि तिला शेजारी बसवून घेऊन तो दुरुस्त केला.