बुलावा कुठपर्यंत गेला

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे गावात माझ्या शब्दाला उगीचच वजन आलं होतं.

दौऱ्यावरच्या गोऱ्या साहेबाचा मुक्काम पडला की गावानं फुकट राबायचं, अशी रीत होती. गाड्या, चारा, लाकूड, पाणी, सगळं गावाचं. एका वर्षी ऐन पेरणीत बैल तीन दिवस तिकडेच अडकले आणि गाव पेटलं. पुढच्या मुक्कामाला कुणीही हात लावायचा नाही, असं ठरलं. निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी न्हाव्याला म्हटलं, "लग्नाचा बुलावा देतोस ना, तसंच घरोघर सांग." कळसाडी, ब्राह्मणपुरी ही सगळी आमच्या सोयऱ्यांची गावं. दुपारपर्यंत निरोप सगळीकडे गेला. मला फार अभिमान वाटला.

मुक्काम आला. एकही गाडी जुंपली गेली नाही. तरी सामान पोचलं. कापूस वेचायला सातपुड्यातून उतरलेली, शेतांच्या कडेला झोपड्या घालून राहिलेली माणसं ते डोक्यावर घेऊन गेली. त्यांत आमचा सालदारही होता, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला, त्यांच्यातलाच आणि तिथंच झोपडी घालून राहणारा. बारा वर्षं आमच्याकडे राबलेला.

पंच बसले. सालदार हात जोडून म्हणाला, "आमले कोनी सांगंच नही, दादा."

"गावभर बोंब व्हती," एक म्हातारा म्हणाला. "तू काय कानमा कापूस घाली बठना व्हता का?"

सगळे हसले. मी मात्र गार झालो. लग्नाचा बुलावा झोपड्यांवर कधी जातच नाही. न्हाव्यानं माझं ऐकलं होतं, अगदी सांगितलं तसं. ही माणसं माझ्याही मनात आली नव्हती. उठून एवढंच सांगायचं होतं. वडील शेजारी बसले होते, मान ताठ करून. मी उठलो नाही.

झोपड्या मोडायच्या, डोंगरातल्या कुणाला काम द्यायचं नाही, असा निवाडा झाला. वेचणी अर्धी टाकून सालदार बायकोला घेऊन वर डोंगरात निघून गेला. जाताना आमच्या बैलांना पाणी दाखवून गेला.

पुढच्या वर्षी गावाला पुन्हा एकी हवी होती. डोंगरातले आपल्या बाजूनं आले नाहीत तर जमणार नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. मला डोंगरात, काठी गावाकडे, सालदाराला भेटायला पाठवलं. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं: चूक माझी होती, तुझी नव्हती.

त्यानं माझ्या हातातला तांब्या परत घेतला. मग म्हणाला, "हाई तवय पंचासमोर का नही सांगं?"

 मी एकटाच खाली आलो. एकी जमली नाही; त्या वर्षी आमच्या गाड्या मुक्कामावर गेल्या. पहिली गाडी वडिलांची होती आणि ती हाकायला मी बसलो होतो.