मुळांच्या भिंतीमागे

सायकलवाल्या पोरांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं होतं, आणि ते कानावर आलं तेव्हा तो मनातून खूशच झाला होता. डोंगरात सायकली पळवायची जी अरुंद, वळणावळणाची वाट होती, ती चौदा वर्षं त्यानं सांभाळली होती. पगार नाही, पद नाही. आठवडाभर फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय जोडायचे आणि रविवारी फावडं, कुदळ, घमेलं गाडीत टाकून डोंगर गाठायचा. ओल्या चिखलातून कुणी सायकल घातली की हा झाडीतून उगवलाच म्हणून समजा. मग त्या पोराचा असा काही उद्धार व्हायचा की आठ दिवस ते तिकडे फिरकत नसे.

गंमत म्हणजे त्याला स्वतःला सायकल धड चालवता येत नव्हती. मुलगी बारा वर्षांची असताना रोज संध्याकाळी गुडघे फोडून घरी यायची, तेव्हा ही जाते तरी कुठं हे बघायला तो एकदा तिच्या मागोमाग चढला. वर बघतो तर वाट कसली, नुसती घळ! पाण्यानं मधोमध चर पाडलेला, वळणावरची माती पार धुऊन गेलेली. ‘‘हे कुठल्या गाढवाचं काम?’’ एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या रविवारी फावडं घेऊन हजर झाला. वाईट काम दिसलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीच्या गुडघ्यांसाठी जीव तुटला होता, हे मात्र त्यानं कधी कुणाला कळू दिलं नाही.

ती मुलगी आता सव्वीस वर्षांची होती, घरांचे नकाशे काढायची आणि रविवारी बापाच्या हाताखाली राबायची. माती ओळखायला ती आपली आपणच शिकली, असं तो म्हणायचा. मी शिकवलं असं म्हणायला त्याची जीभ वळत नसे. वळणाचा बांध घालायला वरची काळी, पानं कुजलेली माती कामाची नाही, पहिल्याच सरीत ती बसते. हवी ती खालची, पिवळट, चिकट माती. ती खणून काढायची म्हणजे कंबरडं मोडायचं. पण झाड मुळासकट उपटून पडलं की खालच्या खड्ड्यात ती आयती मिळते. असा खड्डा दिसला की बापलेकीचे डोळे चमकायचे.

त्या बुधवारी वादळ झालं आणि वाटेवर एकोणीस झाडं आडवी झाली. वनखात्यानं वाट बंद केली, आणि कापाकापीची परवानगी नेहमीप्रमाणे त्याला दिली. शनिवारी जेवताना मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. दोन आठवड्यांनी जाईन.’’ तो ताटावरून उठला. बायको म्हणाली, ‘‘अहो, आनंदाची गोष्ट आहे, असं काय करता?’’ त्यावर त्यानं दार आपटलं.

रविवारी सकाळी दोघं डोंगरात गेली ती तोंडाला कुलूप लावूनच. गाडीत शब्द नाही, चढताना शब्द नाही. दुपारपर्यंत सात झाडं झाली. तीही मुकाट्यानं. फांद्या तो कापायचा, ती ओढून खाली लोटायची, आणि मधल्या वेळात तुटक्या वळणांवर माती भरायची. बोलायची वेळ आली की तो झाडांशी बोलायचा. ‘‘या घरात कुणाला विचारायची पद्धतच नाही,’’ असं त्यानं एका ओंडक्याला सांगितलं. ओंडक्यानं काय बोलावं?

आठवं झाड मोठं होतं. तीन वळणं जिथं लागोपाठ येतात, तिथं ते वाटेवर आडवं पडलेलं. मुळं मातीसकट उचकटून दोन माणसं उंच भिंतीसारखी उभी राहिली होती, आणि भिंतीच्या पलीकडे कमरेइतका खोल खड्डा. अशा झाडाचा धोका त्याला पाठ होता. आडवा बुंधा आपल्या वजनानं ती भिंत उभी धरून ठेवतो. बुंधा कापून वेगळा केला की भिंतीला धरणारं काही उरत नाही, आणि मुळं टनावारी वजन घेऊन जिथून निघाली तिथं, खड्ड्यात, परत बसतात. कधी हळू, कधी फाटकन.

म्हणून त्याचा एक नियम होता. शेवटचा काप घालण्याआधी करवतीचं मशीन बंद करायचं, कानावरची जाड टोपणं काढायची आणि जोडीदाराचं तोंड बघायचं. त्यानं हात वर केला की मगच पुढं. चौदा वर्षांत एकदाही तो हा नियम चुकला नव्हता. पण त्या दिवशी त्याला मुलीचं तोंड बघायचं नव्हतं. शनिवारपासून बघितलंच नव्हतं.

त्यानं मुळांपासून दोन हातांवर काप धरला. वरून अर्धा, मग खालून. लाकूड दाबाखाली होतं, पातं अडकू नये म्हणून त्यानं फटीत पाचर ठोकली. भुसा बुटांवर पडत होता, काम छान चाललं होतं, आणि रागाच्या भरात हात जरा जास्तच झपाझप चालत होता. दोन बोटं लाकूड उरलं असेल, तेव्हा मुळांच्या भिंतीवरून मातीचा एक गोळा सुटून घरंगळला. त्यानं सहज तिकडे बघितलं. मग वाटेकडे बघितलं. वळणावर मुलगी नव्हती. घमेलं नव्हतं. फावडंही नव्हतं.

त्यानं मशीन बंद केलं, टोपणं ओरबाडून काढली. भिंतीमागून आवाज आला, फावडं मातीत खुपसल्याचा. खस्. खस्.

‘‘बाहेर नीघ!’’ तो ओरडला.

‘‘आले, एवढं घमेलं भरते,’’ मागून तिचा आवाज, निवांत.

‘‘नीघ म्हणतो ना! अक्कल आहे का? नीघ!’’

‘‘बाबा, ओरडू नका हो. आलेच.’’

खस्.

आणि इथं त्याच्या लक्षात आलं की आपलं ओरडणं फुकट आहे. चौदा वर्षं तो ओरडतच आला होता. घमेलं नीट भर म्हणून ओरडला, फावडं पुसून ठेव म्हणून ओरडला, हेल्मेटचा पट्टा सैल आहे म्हणून ओरडला. तिच्या लेखी बापाचा आरडाओरडा म्हणजे डोंगरातला वारा. तो असायचाच, त्यासाठी कुणी काम टाकून पळत नाही.

फटीतलं लाकूड करकरलं. मशीन बंद, हात लावलेला नाही, तरी आपलं आपण. पाचर हलली. भिंतीला वळसा घालून तिच्यापर्यंत जायचं तर फांद्यांच्या गुंत्यातून चढावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ ते दोन बोटं लाकूड टिकेल असं त्याला वाटेना. त्यानं दोन्ही हात बुंध्यावर टेकले आणि सगळा भार टाकला. त्याचा काडीचा उपयोग नाही हे ठाऊक असूनही टाकला. पुन्हा ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. फुटला तो भलताच, पातळ, कुणा लहान मुलाचा असावा तसा.

‘‘बाळा, मला भीती वाटतेय गं. ये ना वर. फार भीती वाटतेय.’’

फावडं थांबलं.

‘‘बाबा? काय होतंय? छातीत दुखतंय का?’’

मातीत धडपडल्याचा आवाज आला, फावडं दगडावर आपटल्याचा, मग मुळांच्या कडेनं तिचा हात दिसला, मग चिखलानं माखलेला गुडघा. ती पलीकडच्या काठावर आली आणि फांद्या तुडवत त्याच्याकडे धावत सुटली. ‘‘बसा, खाली बसा, मी फोन करते...’’

तेवढ्यात लाकूड तुटलं. बुंधा वाटेवर धपकन बसला, आणि मुळांची ती भिंत एका दमात मागे गेली. पायाखालची जमीन हादरली. बघता बघता खड्डा नाहीसा झाला. कापलेला खुंट ताठ उभा राहिला, कधी पडलाच नव्हता असा, आणि कडेला तुटलेल्या फावड्याचा दांडा तेवढा वीतभर बाहेर दिसत होता.

ती आधी हसली. भलत्याच वेळी हसली. मग दांड्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

‘‘मी बघितलं नाही तुझ्याकडे,’’ तो म्हणाला.

‘‘मला वाटलं, अजून फांद्याच चालल्यात. थांबून बघितलंत की मग बाहेर येऊ म्हटलं.’’

‘‘माहितीय. म्हणून तर सांगतोय. बघितलं नाही. मुद्दाम.’’

मशीन तिनंच उचलून खाली नेलं. वाटेच्या तोंडाशी तिनं वाट बंद असल्याची लाल पट्टी पुन्हा बांधली. गाडीही तिनंच चालवली.

घरी बायकोनं दार उघडलं आणि दोघांच्या तोंडांकडे बघून विचारलं, ‘‘परत भांडलात?’’

‘‘नाही,’’ तो म्हणाला, आणि दारातच, बूट न काढता, त्यानं सगळं सांगितलं. झाड, खड्डा, माती. मुलीची काही चूक नाही, हेही सांगितलं. ‘‘माझ्या रागापायी मी तिला मारलं असतं,’’ तो म्हणाला. बायकोनं भिंतीला हात टेकला. मग लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतली माती काढत राहिली, एकेक कण.

‘‘तिला उद्याच पाठव,’’ तो म्हणाला. ‘‘लवकर जाऊ दे नोकरीला. माझ्याजवळ ठेवू नकोस.’’

‘‘काहीतरीच काय, बाबा,’’ मुलगी आईच्या खांद्यावरून म्हणाली. ‘‘अकरा झाडं उरलीत. एकटे करणार आहात का? पुढच्या रविवारी आहे की मी.’’

तो खुर्चीवर बसला. बुटांच्या नाड्या सोडायला वाकला. चौदा वर्षांत ते मशीन त्यानं दुसऱ्या कुणाला चालवायला दिलं नव्हतं.

‘‘मग मशीन तू धरायचंस,’’ तो खालीच बघत म्हणाला. ‘‘माती मी भरीन.’’