शकुताईंच्या कमरेची चावी

इथे परदेशात, आमच्या न्यू लिन उपनगरात, एखाद्या मराठी मुलीचं लग्न ठरलं की ते आधी शकुताईंना कळायचं, मग माझ्या बायकोला, आशालतेला, आणि शेवटी त्या मुलीला. यात अतिशयोक्ती असेल तर ती आशालतेची, माझी नव्हे.

नवरा गेल्यावर शकुताईंनी स्टेशनामागच्या लाकडी घरातल्या खोल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलींना द्यायला सुरुवात केली. फक्त मराठी, फक्त मुली. आम्ही त्या घराला ‘मध्यवर्ती कारागृह’ म्हणायचो, त्यांच्या तोंडावर. कारण दाराला दोन्ही बाजूंनी चावीनंच उघडणारं कुलूप, खिडक्या वीतभरच उघडतील अशा अटकाव लावलेल्या, आणि चावी एकच, ती शकुताईंच्या कमरेला. बाहेर जायचं तर “मावशी, दार”, आत यायचं तर बेल. मी एकदा विचारलं, “जेलरबाई, पोरी पळून जातील म्हणून की चोर येतील म्हणून?” त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखे शिळोप्याचे पाहुणे येतील म्हणून.” अशी जीभ होती. मुलींच्या आया मात्र भारतात निर्धास्त झोपायच्या. सांगलीच्या सरलाताई तर म्हणायच्या, माझी लेक संपदा परदेशात नाही, माझ्या बहिणीकडे आहे.

ही संपदा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हसरी, पण पाय घरात न ठरणारी. डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, दूध आणायला गेली की तास घालवून यायची.

२०१६ च्या नवरात्रातली गोष्ट. शकुताईंकडे घट बसायचे आणि नंदादीप अखंड. घट बसल्यावर घर बंद करून जायचं नाही, दिव्यापाशी कुणीतरी हवं, हा त्यांच्या सासरचा नेम. त्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, टाकानिनीला, मराठी मंडळाचा भोंडला ठरला. शकुताईंशिवाय भोंडला म्हणजे मिठाशिवाय खिचडी. गाणी पाठ असलेल्या त्या एकट्याच. बाकीच्या मुली निघाल्या. संपदाला असाइनमेंट होतं, ती म्हणाली, मी बसते दिव्यापाशी. शकुताई निघाल्या, दार ओढलं आणि कुलूप लावून चावी कमरेला खोचली.

दुपारी वारा सुटला. इथे ऋतू उलटे, नवरात्र येतं वसंतात, आणि इथला वसंतातला वारा तुम्हाला ठाऊक आहे, वाळत घातलेली चादर शेजारच्या गावात शोधावी लागते. देवीमागे जुन्या साडीची आरास केली होती, तिचा पदर खिडकीच्या फटीतून आलेल्या वाऱ्यानं उडाला आणि समईवर पडला. संपदा कानांत गाणी घालून आपल्या खोलीत. धुराचा अलार्म ओरडायला लागला तेव्हा पॅसेज भरला होता. ती दाराशी गेली. मग खिडकीशी. अलार्म ऐकून शेजारचा टेरी कुंपणावरून फावडं घेऊन आला, त्यानं बाहेरून काच फोडली, तोवर तिनं आतून हातानंच फोडायला घेतली होती. वाचली. पण मनगटाशी काच खोल गेली. दोन बोटं वाकेनात. हॉस्पिटलातली प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, हुकली आणि वर्ष लांबलं.

बंबवाल्यांनी दार का उघडलं नाही विचारलं तेव्हा संपदानं सांगितलं, माझी चावी धुरात सापडली नाही. ती एकटी राहणार म्हणून शकुताईंनी तिला जादा चावी दिली असेल, असं समजून सगळ्यांनी ते मानलं. निरोप मिळून धावत आलेल्या शकुताई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी ते खोडून काढलं नाही.

मग लोक यायला लागले. आमचे सुधाकरराव नारळ घेऊन आले आणि म्हणाले, देवीनं राखलं, तुमची पुण्याई. विनयावहिनी म्हणाल्या, तुमच्या घरात होती म्हणून वाचली हो पोर. शकुताई चहा करायच्या, कप पुढे ठेवायच्या आणि आत जायच्या. टेरीला लाडू द्यायला गेल्या, तर तो “स्वीट ॲज”, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, म्हणाला आणि या तिथेच रडायला लागल्या. बिचारा अजून समजतो, लाडवात काही बिघडलं होतं.

कुलूप त्यांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन उपटलं. दाराला भोक राहिलं, त्यात फडक्याचा बोळा. मी नेहमीच्या खोडीनं म्हटलं, “शकुताई, चोरांसाठी खिडकी केलीत वाटतं?” त्या बोळा आणखी आत दाबत राहिल्या. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आशालतेनं शेवटी त्यांच्याकडून खरं काय ते काढून घेतलं. चावी संपदाकडे कधी नव्हतीच. आणि कुलूप सवयीनंही लागलं नव्हतं. पोरगी दिव्याला एकटं सोडून डेअरीत जाईल, म्हणून त्यांनी मुद्दाम लावलं होतं. संपदाला ते समजलं होतं, तरी तिनं तोंड उघडलं नाही. खरं कळलं तर वडील परत बोलावतील, डिग्री अर्धवट राहील. “मावशी, आईला काच लागली एवढंच सांगितलंय. तुम्ही गप्प राहा,” असं तिनं हॉस्पिटलातच बजावलं होतं. म्हणजे चूक शकुताईंची, आणि ती लपवायचे उपकार त्या पोरीचे.

दिवाळीच्या पाडव्याला सरलाताईंचा फोन आला. आशालता तिथेच होती. सरलाताई आभार मानत होत्या, माझ्या लेकीला दुसरी आई मिळाली वगैरे. शकुताईंनी त्यांना मध्येच थांबवलं.

“सरलाताई, तिची चावी हरवली नव्हती. मी तिला चावी दिलीच नव्हती. बाहेरून कुलूप मी लावलं. दिवा सोडून जाऊ नये म्हणून.”

पलीकडून सरलाताईंनी विचारलं,

“माझ्या मुलीला दिव्याच्या राखणीला कोंडलंत?”

“हो.”

फोन ठेवला गेला. वडिलांनी संपदाला परत बोलावलं नाही, पण आठवड्यात विद्यापीठाच्या वसतिगृहात खोली घ्यायला लावली. संपदा चिडली ती शकुताईंवर. आपलं मन हलकं करायला तुम्ही माझं घर घालवलंत, म्हणाली. शकुताईंनी तेही ऐकून घेतलं. क्षमा मागितली, ती मिळाली नाही.

सामान पोचवायला गाडी माझी. मागच्या सीटवर दोघी, मध्ये कुकर. मी दोन विनोद केले, दोन्ही वाया गेले.

वसतिगृहाच्या मॅनेजर बाई तरुण होत्या, “किया ओरा” असा इथला माओरी नमस्कार करून हसल्या आणि खोली दाखवायला निघाल्या. शकुताई मागे राहिल्या. त्यांनी पॅसेजमधली दारं पाहायला सुरुवात केली. टोकाला ‘फक्त आगीच्या वेळी उघडा’ अशा लाल पाटीचं एक दार होतं. संपदा ओरडली, “मावशी, त्याला हात नका लावू.” तोवर शकुताईंनी दोन्ही हातांनी आडवी दांडी दाबली होती.

भोंगा असा वाजला की वरच्या मजल्यावरून पोरं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत, टॉवेल सावरत जिना उतरली. मॅनेजर बाई धावल्या. संपदानं कपाळाला हात लावला. शकुताई बाहेरच्या उन्हात उभ्या होत्या, दार एका हातानं धरून.

मॅनेजर बाईंनी विचारलं, काय झालं. शकुताईंना इंग्रजी येत होतं, पण त्या संपदाकडे बघून मराठीतच म्हणाल्या, “उघडतं. चावी लागत नाही.”

संपदानं बऱ्या हातानं त्यांच्या हातातून दार सोडवून घेतलं आणि बंद केलं. भोंगा थांबला. मग ती कुकर उचलून आपल्या खोलीत गेली, आणि शकुताई माझ्या गाडीत येऊन बसल्या.