कापसाची खोली

बारा डिसेंबर. त्या दिवशी मागच्या खोलीतला कापूस काढून ट्रॉलीत भरायचा होता. खरेदी केंद्रावर आमचा नंबर त्याच दिवसाचा लागला होता, आणि एकदा नंबर चुकला की पुन्हा कधी लागेल ते कोणी सांगत नाही.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेलाकडच्या गावांत कापूस घरातच ठेवतात. आमच्यात मात्र हे नवं. माझे सासू-सासरे जन्मभर दुसऱ्यांचा कापूस वेचत आले. ह्यांना मास्तरकी लागली, मग शेत घेतलं, आणि घर बांधताना ह्यांनी हौसेने कापसासाठी एक खोली काढली. खिडकी एकच, तीही उंचावर. शाळा हे पाहतात, शेत मी पाहते.

पहिल्या वेचणीपासून त्या खोलीत आमचा मुलगा राहत होता. मुलगा म्हणजे सत्तावीस वर्षांचा माणूस. ढिगात खळगा करून त्यात पडून असायचा. एकदा तो अंघोळीला गेला तेव्हा मी स्वतः तिथे पडून पाहिलं. कुकरची शिटी नाही, मोटारसायकल नाही, शेजारचा टीव्ही नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. तो तिथे का पडतो ते मला कळलं.

आधी तो आदिलाबादला एका कार्यालयात कॉम्प्युटरवर होता. साहेबाशी तेलुगू, दुकानदारांशी हिंदी, गावाकडून आलेल्यांशी आपली बोली. रोज सकाळी न्हाणीतून एकच तेलुगू वाक्य वेगवेगळ्या सुरांत ऐकू यायचं. साहेबाला काय म्हणायचं, त्याची तो तालीम करायचा. आम्ही शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचो, पोरगं मेहनती आहे. मग आधी तेलुगू गेली. साहेबाने विचारलं की नुसता पाहत राहायचा. मग हिंदी गेली. पावसाळ्यात एक दिवस बसमधून उतरला, घरात आला आणि आमच्याशीही बोलायचा थांबला.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा जन्मापासून स्वमग्न आहे, आणि इतकी वर्षं चारचौघांसारखं वागून वागून आता पार थकला आहे. औषध नाही. आवाज कमी करा, माणसं कमी करा, काही मागू नका. किती दिवस, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मला कोणी विचारलं तर मीही तेच सांगते. लोक म्हणतात, होईल बरा. मी त्यांना चहा देते.

घर तर चालवावं लागतं. त्यासाठी ह्यांनी आणि मी एक रीत बसवली. दारात बसून विचारायचं आणि त्याच्या पायाकडे पाहायचं. अंगठा हलला तर हो. नाही हलला तर नाही. खिचडी चालेल का, हलला. मामा भेटायला येऊ का म्हणतात, नाही हलला. नोकरीचा राजीनामा द्यायचा का, हलला. राजीनामा ह्यांनीच लिहिला आणि ह्यांनीच नेऊन दिला.

नोव्हेंबर सरता सरता त्याच्या पाठीवर आणि मांड्यांवर लाल फोड आले. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, ते चावतात. खाजवून खाजवून रक्त काढायचा, पण उठायचा नाही. मलम लावू द्यायचा नाही. कापूस काढायचा, हे मी तेव्हाच ठरवलं. हे तयार नव्हते.

"एक नंबर जाऊ दे न. कापूस काय पळून चालला?"

"कापूस नाही चालला," मी म्हटलं, "पोराची कातडी चालली."

डॉक्टर म्हणाले होते, काही बदलायचं तर आधी सांगा. म्हणून मी आठवडाभर रोज दारात बसून सांगत होते, की कापूस जाणार आहे, तुला पुढच्या खोलीत गादी घालते, काढू का? अंगठा हलला. रोज हलला.

सकाळी माझा दीर ट्रॅक्टर घेऊन आला, सोबत भरायला दोन माणसं. मुलगा खळग्यातच होता. दिराने दारातून डोकावून पाहिलं.

"वहिनी, पोराले काढा आधी. नाईतर काट्यावर त्याचंई वजन धरतीन."

माणसं हसली. मी दिराच्या हातात चादर दिली आणि म्हटलं, तोंड मिटून कडेकडेने उचला. त्यांनी तसंच केलं. ढीग कडेने खचत गेला, मधला खळगा उघडा पडत गेला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेवटी त्याच्याखालचा तेवढा कापूस उरला, तेव्हा तो स्वतःच उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटलं, निभावलं.

ट्रॉली गेली, रजा काढून हेही सोबत गेले. मी खोली झाडायला घेतली. रिकाम्या खोलीत झाडूचा आवाजसुद्धा दुप्पट होऊन येत होता. त्याने दोन्ही हात कानांवर दाबले. मी झाडू थांबवला. तेव्हा तो बोलला.

"मी नाई म्हनलं होतं."

आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट. मी विचारलं, कधी? त्याने खाली पाहिलं. उजव्या पायाचा अंगठा हलला. मग तो पुढच्या खोलीत गेला आणि लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या फटीत जाऊन बसला. मी घातलेल्या गादीकडे त्याने पाहिलंही नाही.

अंगठा म्हणजे हो, हे ठरवलं कोणी होतं? आम्ही. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी झाडू हातात घेऊन मागे मागे जात राहिले. खिचडी. मामा. राजीनामा.

त्या दुपारी माझ्या मनात एकच होतं: कापसात ओल जास्त निघो, केंद्रावरचे तो नाकारोत, ट्रॉली परत येवो. माल परत यावा असं शेतकऱ्याच्या घरात कोणी म्हणत नाही. मी म्हणत होते. संध्याकाळी हे रिकामी ट्रॉली घेऊन आले. ओल बरोबर निघाली, लगेच घेतला म्हणाले.

मी म्हटलं, "तो बोलला."

ह्यांचा चेहरा एकदम उजळला. "काय बोलला?"

मी सांगितलं. अंगठ्याचंही सांगितलं. हे बूट न काढताच पायरीवर बसले. मग म्हणाले, "बोलला न पन." मी राजीनाम्याचं नाव काढलं नाही. ते ह्यांना आठवलंच असणार, तो ह्यांनीच लिहिला होता.

फटीसमोर ठेवलेलं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेचणाऱ्या बायांबरोबर शेतात गेले. शेवटची वेचणी, बोंडं बारकी, हाताला लागत नव्हती. दोन बायांना घेऊन जेवढा निघाला तेवढा कापूस वेचला, उन्हात पसरून झाडला, किडका कापूस वेगळा काढला आणि गाठोडं डोक्यावर घेऊन घरी आणलं. मागच्या खोलीत कोपऱ्यात ओतला. गुडघ्याएवढाही ढीग झाला नाही. दार उघडं ठेवलं. मग खिचडीऐवजी ताजी वरण-भाकरी वाढून त्याच्यासमोर ठेवली. काही विचारलं नाही, पायाकडेही पाहिलं नाही.