काकूंपेक्षा उंच चंद्र

"ये मून चिपकाया हुआ है. इसको निकालो," संपादक अरोरा सर म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. नोएडातल्या एका न्यूज वेबसाइटच्या फोटो डेस्कवर मी सतरा वर्षं आहे. फोटो खरा की खोटा, ते मी तपासते.

फोटो आदल्या संध्याकाळचा, कोजागरीचा. मयूर विहारच्या एका सोसायटीच्या गच्चीवर तिथेच राहणाऱ्या जोशीकाकू दुधाचं पातेलं घेऊन उभ्या आणि त्यांच्यामागे त्यांच्याहून उंच चंद्र! फोटो काढणारा फ्रीलान्सर इम्रान शेख, मूळचा लातूरचा. मूळ फाइल मागितली तर म्हणे, "मॅडम, कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट झालं, सगळं पुसलं गेलं." माझ्या मनात पाल चुकचुकली. फोटो साइटवरून काढला. खोटा ठरला असता, तर इम्रानचं आमच्याकडचं काम कायमचं बंद.

चंद्राची वाट थोडी लांबट असते, त्यामुळे तो कधी पृथ्वीजवळ येतो, कधी लांब जातो. जवळ असताना पौर्णिमा आली की तो सुपरमून, कालचा तसाच. वर्षात असे तीन-चार येतात, बहुधा लागोपाठ. पण सगळ्यात लांबच्या पौर्णिमेपेक्षाही तो फार तर चौदा टक्के मोठा दिसतो. मग काकूंपेक्षा उंच कसा?

"आजच चल आणि पुन्हा काढून दाखव," मी इम्रानला म्हटलं.

संध्याकाळी आम्ही सोसायटीपासून बऱ्याच लांब, यमुनेच्या बांधावर उभे राहिलो. फोन केल्यावर काकू हौसेने गच्चीवर आल्या, पातेल्यासकट. चंद्र उगवला, पण बिल्डिंग सोडून बराच डावीकडे.

"सापडलास! काल इथूनच काढला होतास ना?"

"मॅडम, तो रोज एकाच जागी उगवतो का? चला, थोडं उजवीकडे."

तीस-चाळीस पावलं चाललो. चंद्र बरोबर काकूंच्या मागे आला. मी लेन्समधून पाहिलं. तोच फोटो!

"काकू इथून लांब, म्हणून बारीक दिसतात," इम्रान म्हणाला. "चंद्र आपण कुठूनही बघा, तेवढाच. लेन्स दोघांनाही सारखंच मोठं करते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हटलं.

"ठीक आहे मॅडम. पण फोटोवरची हेडलाइन, 'आज चाँद दुगुना बड़ा', ती कुणी तपासली?"

ती मीच पास केली होती, अरोरा सरांनी लिहिलेली म्हणून, न वाचल्यासारखीच. फोटो साइटवर परत गेला, इम्रानचं काम टिकलं. हेडलाइन मात्र बदलावी लागली. खोटं तेवढंच होतं.