पाटलाच्या गोठ्याकडं पळालेली जोडी

सकाळच्या सरावात पाटलाची बैलजोडी साऱ्याइच्या पुढं निघाली, आन् तुमी पारावरचे शहाणे नुसते वा वा करत राह्यले. डोळे घरी ठेवून आले होते काय?

राम राम मंडळी. मी किसनाची आजी. अक्षर वाकडं आहे, पण माह्यं सोताचं आहे. मास्तरनं मोठ्यानं वाचावं.

शंकरपटाची शर्यत आठ दिवसांवर आली म्हणून आज चार जोड्या पाटलाच्या वावरात पळवून पाह्यल्या. पाटलाची लय पुढं, आमची दुसरी. घरी येऊन किसना म्हणे, "आजी, मी पटातून नाव काढून घेतो. तिच्यापुढं आपला काय टिकाव लागते?" वर्षभर आधी बैलाइले चारलं आन् मंग सोता जेवला तो.

म्या इचारलं, "जोड्या पळाल्या कोणीकडं?"

"गोठ्याकडं."

"कोणाच्या?"

"पाटलाच्या."

"वेळ कोणती होती?"

"बैलाइची ढेप खायाची," म्हणे.

अरे, उपाशी बैल आपल्या गव्हाणीकडं पळीन नाही तं काय करीन? संध्याकाळी माही म्हातारी म्हैसही घराकडं तशीच पळते. तिले कोणी गुलाल लावते काय?

पाटलाची जोडी चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण किती चांगली, ते आज कोणालेच समजलं नाही.

उद्या सकाळी त्याच वावरात गोठ्याकडं पाठ करून पळवा. तोवर किसनाचं नाव कोणी खोडायचं नाही. कबूल आहे का नाही, ते पाटलानं सोता पारावर येऊन सांगावं. त्याच्या दिवाणजीनं तोंड उघडायचं नाही.