ढगोबा घोडा नव्हता

माझ्या बायकोच्या मामांइतका एकाच पुस्तकावर जगलेला माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि त्या पुस्तकाबद्दल त्यांच्याच तोंडावर खोटं बोलणारा माझ्याइतका मूर्खही सापडणार नाही. बावीस वर्षांपूर्वी मी मुलगी बघायला गेलो होतो. वडील पगार विचारतील, काका गाव विचारतील, अशी सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो. पण कोपऱ्यात मांडी घालून बसलेल्या, अंगाला झेंडूचा वास येणाऱ्या एका गृहस्थांनी एकदम विचारलं, "'काळकड्याचं राज्य' वाचलंय का?" मी त्या कादंबरीचं नावही ऐकलं नव्हतं. पण हा प्रश्न आला तशी मुलीने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "वाचलंय की," मी म्हणालो. "मग काय आवडलं त्यातलं?" आता राज्य म्हटलं की राजा आला, राजा म्हटला की घोडा आला. मी ठोकून दिलं, "घोडा." मामा ताडकन उभे राहिले. "घोडा? ढगोबा घोडा नाय! गाढव हाय! पंखांचं गाढव!" त्यांच्या मानासाठी मीही घाईने उठलो आणि माझ्या हातची पोह्यांची बशी त्यांच्या पायजम्यावर उपडी झाली. तरीही लग्न ठरलं, ते होणाऱ्या सासूबाईंमुळे. त्या मामांच्या थोरल्या बहीण. पदर तोंडाला लावून त्या एवढ्या हसत होत्या की डोळ्यांतून पाणी येत होतं. "असू दे रे बाळू," त्या भावाला म्हणाल्या, "घोडा तर घोडा." तेव्हापासून मामांच्या लेखी मी 'घोडेवाले जावई' झालो, तो झालोच.

मामांचा फुलांचा मळा मखमलाबादच्या पुढे आहे. तिथे गेलात तर सांभाळून बोलावं लागतं. शेवंतीचा वाफा राणीसाहेबांचा, गुलाबाचा सेनापतींचा; कुत्र्याचं नाव प्रधानजी. पाखरं हाकलायला उभं केलेलं बुजगावणं म्हणजे कादंबरीतला दुष्ट अजगरनाथ, आणि त्याच्या अंगावर माझा लग्नातला कोट आहे. तो तिथे कसा पोचला हे मला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. मामांना फवारणी विचारा, ते ढगोबापासून सुरुवात करतात. पुतण्याला मुलगी सांगून आली तर म्हणतात, "पोरगी चांगली हाय, पण राणीसाहेबांसारखी बोलती कमी." आणि गंमत म्हणजे हे पुस्तक मामांनी कधी वाचलेलं नव्हतं. ऐकलं होतं. त्यांच्या लहानपणी दुपारी घरातली सगळी जणं ओळीने बसून हार ओवायची. हात गुंतलेले, तोंडं रिकामी. मग भांडणं व्हायची. त्यावर उपाय म्हणून सातवी झालेल्या आक्काला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ओवण्यातून सूट मिळाली. तिने फक्त वाचायचं. घरात पुस्तक एकच होतं, ते संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. पुढे कोणीतरी ते वाचायला म्हणून नेलं आणि परत आणलं नाही. तोवर ते मामांना तोंडपाठ झालं होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. काळकड्यावरच्या अजगरनाथाने गावाचा पाऊस चोरून एका रांजणात कोंडून ठेवलेला असतो. सोम्या नावाचा पोरगा ढगोबावर बसून तो सोडवायला निघतो. शेवटच्या दरीवर ढगोबाचे पंख थकतात. तो पोराला कड्यावर टाकतो आणि स्वतः दरीत पडतो. सगळं गाव रडतं. आणि मग एके सकाळी, इथे मामा डोळे मिटायचे, झेंडूच्या वाफ्यातून पाचोळा वाजतो आणि ढगोबा फुलं खात खात परत येतो.

तर गेल्या वर्षी या कादंबरीवर सिनेमा निघाला. मामांनी तो नऊ वेळा पाहिला. आवडला म्हणून नव्हे, हरकती घ्यायला. पडद्यावर पांढराशुभ्र पंखांचा घोडा अवतरला की अंधारातून आवाज यायचा, "खोटं!" चौथ्या खेळापर्यंत लोकांना त्याची गोडी लागली. मध्यंतरात एका बाईंनी सामोसा पुढे करून विचारलं, "काका, पुस्तकातही राणी मरते का हो?" मामा म्हणाले, "मरत नाय. दम लागतो तिला." मामांच्या म्हणण्याप्रमाणे पुस्तकात कोणीच मरत नव्हतं. सिनेमात बाणाने पडलेले सेनापती पुस्तकात वणीला गडावर दर्शनाला जातात. अजगरनाथाला पश्चात्ताप होतो आणि तो सुरगाण्याकडे जाऊन नागली पेरतो.

या सिनेमाची चर्चा करायला दर रविवारी सकाळी गंगापूर रस्त्यावरच्या एका मिसळीच्या ठिकाणी काही मंडळी जमायची. मोबाईलवर त्यांचा 'काळकडा कट्टा' नावाचा ग्रुपही होता. मामांना स्कूटरवरून न्यायचं आणि आणायचं या कामासाठी मला त्यात घेतलं होतं. कट्ट्यावर दोन पक्ष होते. पुस्तकवाल्यांत मामा आणि दातांचे एक डॉक्टर. डॉक्टरांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण मूळ कादंबरीच नेहमी चांगली असते असं त्यांचं ठाम मत होतं. पडदावाल्यांची पुढारी सानिका, इंजिनिअरिंगला शिकणारी, चष्म्याआडून नेमकं बघणारी मुलगी.

"मामा, एक सांगा," ती पापड मोडत म्हणायची, "काळकड्याच्या राज्यात वणी कुठून आली?"

"वणी सगळीकडून जवळच हाय."

"पण दिग्दर्शकाने पुस्तक वाचलंच असेल ना?"

"त्याला आक्कानं वाचून दाखवलं होतं का?"

यावर डॉक्टर टेबलावर थाप मारायचे आणि रस्सा मागवायचे. पुस्तक बाजारात कुठेच मिळत नव्हतं, त्यामुळे वाद मस्त चालला होता. एका रविवारी मात्र सानिकाने फारच ताणून धरलं. मामा तापले. म्हणाले, "पुस्तकात घोडा निघाला तर या टेबलाला पुन्हा पाय लावणार नाय, आन् ढगोबाचं नावबी तोंडातून काढणार नाय. बास?"

आणि त्याच आठवड्यात मला ते पुस्तक सापडलं.

ऑफिसच्या कामासाठी मनमाडला गेलो होतो. स्टेशनजवळच्या रद्दीच्या दुकानात वजनकाट्याखाली 'काळकड्याचं राज्य' बसलेलं! कव्हर फाटकं, पण पानं सगळी शाबूत. मी आनंदाने एवढा वेडा झालो की दुकानातच फोटो काढला आणि कट्ट्यावर टाकला: "सापडलं!!! रविवारी घेऊन येतो." डॉक्टरांनी फटाके पाठवले. सानिकाने टाळ्या पाठवल्या, बारा. मामांना फोन केला तर ते नुसतं म्हणाले, "आक्काचं पुस्तक?"

मग मी नाशिकच्या एसटीत बसलो आणि पुस्तक उघडलं. नवव्या पानावर तो आला. शुभ्र, पंखांचा, चंद्रासारखी आयाळ असलेला घोडा. मी जागेवरून उठलो ते डोकं वरच्या फळीवर आपटलं. "काय झालं साहेब?" कंडक्टरने विचारलं. "घोडा आहे हो!" मी म्हणालो. कंडक्टर पुढे निघून गेला. बावीस वर्षं, अहो बावीस वर्षं मी बरोबर होतो! सासरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात जो घोडा माझ्या पाठीवर लादला गेला, तो पुस्तकात छापलेला होता. चांदवड येईपर्यंत मी मनातल्या मनात मामांना सात वेळा हरवलं.

मग पुढची पानं वाचली. राणी मरते. सेनापती मरतात. अजगरनाथ तर दोनदा मरतो. सिनेमा ओळीओळीला प्रामाणिक होता. आणि शेवटच्या पानावर घोडा दरीत पडतो, सोम्या कड्यावरून हाक मारतो, "आणि दरीतून फक्त वारा वर आला." समाप्त. वाफा नाही, झेंडू नाही. एसटी पिंपळगावला थांबली तेव्हा माझ्या विजयाचा पार चोथा झाला होता. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. मामांच्या घरात त्यांचा फोटो आहे, पण तो बोलत नाही. त्या बोलतात त्या या गोष्टीतून. रविवारी त्या खोट्या पडणार होत्या, भर मिसळीत, आणि ते पुस्तक मीच टाळ्या घेत आणणार होतो.

घरी आलो आणि पुस्तक बायकोपुढे ठेवलं. ती ओट्याशी उभी राहूनच चाळायला लागली, नववं पान आलं तशी हसत सुटली. अगदी आईसारखी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आईचा उद्योग! ती वाचायला लागली त्या वर्षी त्यांच्या घरचं गाढव मेलं होतं. बाजारात फुलांच्या पाट्या न्यायचं ते. मामा सात वर्षांचा, दोन दिवस जेवला नव्हता. आई म्हणायची, वाचता वाचता घोडा आला आणि तोंडातून गाढव गेलं. तर हे पोरगं उठून बसलं! मग मागे कसं फिरणार? त्या गाढवाला पुन्हा मारून तरी कसं टाकणार?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?" मी ओरडलो. "मी बावीस वर्षं घोडेवाला जावई!"

"तुम्ही तरी कुठे वाचलं होतं?" ती म्हणाली.

"मग आता रविवारचं काय करू?"

"घोळ तुम्ही घातलाय. तुम्हीच निस्तरा."

रविवारी कट्टा फुल्ल होता. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मी पुस्तक पुढे केलं. ताप आलाय, चोरीला गेलं, असले सगळे बहाणे घरून ठरवून आलो होतो. त्यांचा चेहरा बघून एकही तोंडातून फुटला नाही. त्यांनी आधी पुस्तकाचा वास घेतला. मग चष्मा लावून पानं उलटायला लागले. त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि नवव्या पानावर ते थांबलं. मी शेजारीच बसलो होतो. बोट पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा त्याच शब्दावर थांबलं. मामांनी हळूच शेवटचं पान काढलं. ओठ हलवत वाचलं.

"मोठ्याने वाचा ना मामा," समोरून सानिका म्हणाली.

मामांनी घसा खाकरला. टेबलावरच्या पानावर पुन्हा बोट ठेवलं आणि वाचायला लागले, "एके सकाळी झेंडूच्या वाफ्यातून पाचोळा वाजला. सोम्यानं वळून पाहिलं. तर गाढव! आपला ढगोबा! फुलं खात खात..." ते वाचत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर पानावर दरीतून फक्त वारा वर येत होता. आवाज त्यांचा होता, पण ती चाल, तो प्रत्येक वाक्याला लावलेला हेल सासूबाईंचा होता. मी तो ओळखला. डॉक्टरांनी चक्क नाक शिंकरलं.

"बघू?" सानिकाने हात पुढे केला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी पाव घ्यायला म्हणून हात लांब केला आणि माझ्या कोपराने रश्श्याचा अख्खा जग पुस्तकावर आडवा केला. गरम, काळ्या मसाल्याचा, वर बोटभर तेल असलेला रस्सा. जुन्या कागदाने तो पावापेक्षा भराभर ओढून घेतला. पानं फुगली, एकमेकांना चिकटली, आणि राणी, सेनापती, घोडा सगळे एका लगद्यात गेले. माझ्या हातून काही सांडल्याचं आमच्या कुळात कोणाला नवल वाटत नाही. त्या दिवशी तर कोणी शंकाही घेतली नाही.

"अरे देवा, हे जावई!" डॉक्टर किंचाळले.

सानिका मात्र निघताना हात धुवायच्या नळावर भेटली. "काका," ती हळूच म्हणाली, "मी समोर बसले होते. मला उलटी अक्षरं वाचता येतात." मी नळ चालूच ठेवून उभा राहिलो. घरी पोचायच्या आत तिने कट्ट्यावर टाकलं होतं: "पुस्तकवाले जिंकले. ढगोबा गाढवच."

मामा स्कूटरवर माझ्यामागे बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत ते ठिबकणारं पुस्तक. मळ्यापाशी उतरल्यावर पिशवी माझ्या हातात देत म्हणाले, "जावईबापू, आक्का वाचायची ना, तेव्हा पानं लय कमी उलटायची. कधीकधी तर पुस्तकाकडं बघायचीबी नाय. लहान होतो, पण तेवढं दिसत होतं." मग त्यांनी अजगरनाथाच्या अंगावरचा माझा कोट काढला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. त्यात चिमण्यांनी घरटं केलं होतं.

घरी बायकोने पुस्तक गच्चीवर उन्हात ठेवलं. संध्याकाळी ते वाळून पापड झालं. तिने शेवटचं पान उलथन्याने अलगद सोडवलं. त्यावर लाल-काळ्या डागाशिवाय काहीच उरलं नव्हतं. "एक अक्षर लागत नाही," मी म्हणालो. तिने चष्मा वर सरकवला, पान खिडकीकडे धरलं, डागावरून बोट फिरवलं आणि आईच्या हेलात म्हणाली, "अहो, डोळे तपासून घ्या. इथे स्पष्ट लिहिलंय. आणि ढगोबा परत आला."